रॅम्प नाही म्हणून होडी कोठ्यातच ठेवायची काय?

मागच्या महिन्यात याच पानावर एकाला उत्तर देता देता मी सहज लिहून गेलो की शिडाची होडी काही समुद्रावरच चालते असं नाही, आपल्या इकडच्या धरणांवर पण मस्त चालते. झालं. तेव्हापासून व्हॉट्सॲप थांबून नाही राहिलं, अन् निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, की चालते हे मान्य, पण पाण्यात घालायची कुठून? तर यावेळचं पान त्यातच जाणार आहे. संत्र्याच्या फळगळीवाले अन् बोअरवेलवाले, तुम्ही एक महिना थांबा.

प्रश्न : दादा, आमचं गाव मोर्शी तालुक्यात, अप्पर वर्धाच्या पाण्यापासून दीडेक किलोमीटर. पोरानं कॉलेजच्या सुट्टीत मोबाईलवर पाहून पाहून प्लायवूड अन् इपॉक्सीची ११ फुटी होडी बनवली, मास्ट (डोलकाठी), शीड, सुकाणू सगळं. आडत्याच्या काट्यावर वजन केलं तर ६५ किलो भरली. आता दोन महिन्यापासून ती ढोराच्या कोठ्यात उलटी पडून आहे, कारण उतरवायले जागाच नाही. एकीकडं धरणाची भिंत अन् दगडाचं पिचिंग, बाकी सगळीकडं काळा चिखल अन् बेशरम. एक डाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून पाण्यापर्यंत नेली तर ट्रॉलीच फसली, गाव हासून राहिलं. सिमेंटचा रॅम्प बांधून पाहिजे असंन तर अर्ज कोणाकडं करावा लागते? (एक वाचक, मोर्शी तालुका)

उत्तर : भाऊ, पहिले पोराच्या पाठीवर माझ्याकडून एक थाप द्या. हासणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, काळ्या मातीत ज्याची ट्रॉली फसली नाही असा माणूस आपल्या इकडं अजून जन्माला यायचा आहे.

अर्ज मात्र करू नका. मंजूर होणार नाही म्हणून नाही, झाला तरी कामाचा नाही म्हणून. समुद्रावर पाणी दिवसातून दोनदा जाते अन् दोनदा परत येते, तिथं बांधलेला रॅम्प रोज वापरात राहते. आपल्या धरणात वर्षातून एकच भरती, सप्टेंबर-ऑक्टोबरची, अन् एकच ओहोटी, ती जूनपर्यंत चालूच. तुमच्याकडचा काठ किती चपटा आहे ते तुम्हाला माहीतच आहे, ५० मीटर चाललं की १ मीटर उतार लागतो असं धरा, तर पाणी १ मीटर उतरलं की काठ ५० मीटर पुढं पळाला अन् ३ मीटर उतरलं की १५०. दिवाळीत पाण्याला टेकलेला तुमचा रॅम्प संक्रांतीला गाळपेरच्या हरभऱ्यात उभा राहील, त्यावर लोक तुरी वाळवतील.

मग काय करायचं, तर जुना रस्ता शोधायचा. धरण झालं तेव्हा गावं बुडाली, गावांबरोबर त्यांचे रस्ते बुडाले, अन् ते रस्ते अजून तिथंच आहेत. गावातल्या ७०-७५ वर्षाच्या कोण्याही बाबाला विचारा, की बाबाजी बुडालेल्या गावाला बंडी कुठून जायची? तो तुम्हाला बोट दाखवून सांगेल. त्या रस्त्याखाली मुरूम आहे, कुठं गिट्टी आहे, वरून फार तर वीतभर गाळ बसलेला राहते, अन् मुख्य म्हणजे तो रस्ता उतरत उतरत आत जाते, म्हणजे ऑक्टोबरात पण पाण्याला टेकलेला अन् एप्रिलात पण. मी पवनीकडं, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरवर गेली सात-आठ वर्षं असाच एक रस्ता वापरतो, त्याच्या कडेचा मैलाचा दगड उन्हाळ्यात बाहेर येते अन् तो दिसला की मला समजते की आता पुढची मोरी लागणार, जपून.

जुना रस्ता नसलाच तर ढिवरांचे डोंगे कुठं लागतात ते पहा. डोंगेवाला माणूस रोज उतरते अन् रोज चढते, तो वाईट जागा निवडणार नाही. म्हशी उतरतात त्या जागेच्या मात्र नादी लागू नका, दुरून ती वाट पक्की दिसते पण खुरांनी चिखल पार कालवून ठेवलेला राहते.

अन् एक गोष्ट, ही गंमतीत नाही सांगून राहिलो. बुडीत क्षेत्रात जुन्या वावरांमधल्या विहिरी आहेत. किती तरी बुजवलेल्याच नाहीत. गुडघाभर पाण्यात होडी ढकलत चाललेला माणूस एका पावलात नाहीसा होऊ शकते. म्हणून पाण्यात पहिलं पाऊल टाकायच्या आधी हातात सहा फुटाचा बांबू पाहिजे, अन् लाईफ जॅकेट होडीत चढल्यावर नाही तर काठावरच घालायचं, पट्टे आवळून, पोहता येत असलं तरी. आम्हाला सगळ्यांना पोहता येते हे वाक्य मी नेव्हीत लय वेळा ऐकलं.

तोच बांबू जमीन पाहायच्या कामी येते. काठावर उभं राहून आपल्या वजनानं दाबायचा. चार बोटं गेला तर चाकाची हातगाडी चालते. वीतभर गेला तर खाली काही अंथरावं लागते. हातभर गेला तर मुकाट्यानं बांबू काढा अन् दुसरी जागा पहा. मार्चनंतर तर हे केल्याशिवाय पाऊल टाकूच नका, कारण वरून भेगाळलेली पापडी दिसते, वाटते जमीन वाळली, अन् खाली खीर राहते.

अंथरायले काय घ्यायचं? बाहेरचे लोक ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अन् रबरी मॅट सांगतात, आपल्याकडं तुऱ्हाट्या आहेत. तुऱ्हाट्यांच्या नाहीतर पऱ्हाट्यांच्या पेंढ्या बांधायच्या अन् होडी जायची त्या दिशेला आडव्या, एकाला एक लावून टाकायच्या, वजन पसरते अन् चिखल वर येत नाही. त्यावर जुना फ्लेक्स. फ्लेक्सची आपल्याकडं काही कमी नाही, प्रत्येक चौकात कोणाचा ना कोणाचा वाढदिवस राहतेच, उतरवला की मागून घ्यायचा. त्यावर दोन बादल्या पाणी मारा, ६५ किलोची होडी दोन माणसांच्या जोरानं सरकते, अन् तुऱ्हाटीचे खुंट प्लायवूडला ओरखडत पण नाहीत. (नेत्याचा चेहरा खाली ठेवावा की वर हे ज्यानं त्यानं पहावं.)

ट्रॅक्टरची ट्रॉली पाण्यापर्यंत न्यायचीच नाही हे तर तुम्हाला आता कळलंच. ती पांदणीवर, कडक जमिनीवर उभी करा अन् तिथून पुढं हलकी हातगाडी. पोराला वेल्डिंग येत असंन तर अर्ध्या दिवसाचं काम आहे, एक आडवा पाईप, दोन टोकांना मोटरसायकलची नाहीतर लुनाची चाकं, मधून पुढं एक लांब दांडी, अन् होडी बसायच्या जागेवर जुन्या टायरची पट्टी. सायकलची चाकं घेऊ नका, बारीक टायर चिखलात सुरीसारखं घुसते. हवा अर्धीच ठेवायची म्हणजे टायर पसरते. चाकं होडीच्या मधोमध नाही तर मध्याच्या जराशी मागं पाहिजे, असं की दांडी सोडली तर पुढचं टोक हळूच खाली बसलं पाहिजे, धप्पकन नाही अन् वर पण नाही उचललं पाहिजे. दांडीला २०-२५ मीटर दोर बांधून ठेवा, हा दोर परत येताना कामी येते, ते पुढं सांगतो.

तिथं पोचल्यावर माणसं घाई करतात. होडी पाण्याकडं ओढायच्या आधीच कोरड्यावर सगळं जोडून घ्यायचं, मागच्या, पाणी काढायच्या भोकाचं बूच लागलं का ते दोनदा पहायचं (हसू नका, मी स्वतः बूच खिशात ठेवून निघालो आहे), शीड बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांडीला) बांधायचं पण वर चढवायचं नाही. हातगाडी सरळ पाण्यात घालायची, होडी आपोआप उचलल्या जाते तेवढं पाणी म्हणजे साधारण मांडीपर्यंत, मग गाडी खालून काढून घ्यायची. एक जण पुढचं टोक धरून उभा राहील, टोक वाऱ्याकडं. आता शीड चढवायचं. टोक वाऱ्याकडं असलं की शीड नुसतं फडफडते, ओढत नाही. टोक आडवं असताना चढवलं तर होडी चालायले लागते अन् तुम्ही तिच्या मागं पळता, पाण्यात पळणं किती जमते ते तुम्ही पहाच. डॅगरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून मधून खाली घालायची फळी) अन् रडरचं, म्हणजे सुकाणूचं पान खोल पाण्यात गेल्यावरच खाली. अन् होडी जमिनीला टेकलेली असताना आत पाय ठेवायचा नाही, खाली एखादा दगड असला तर प्लायवूडला तिथंच भोक.

हे सगळं झालं घालायचं. खरं सांगू काय, घालणं सोपं आहे. उत्साह राहते, सकाळ राहते, चार पोरं बरोबर राहतात. ऊन डोक्यावर आलं की चारातले दोन घरी गेलेले राहतात अन् होडी सकाळपेक्षा जड झालेली राहते. जागा निवडताना मी पहिले हेच पाहतो की इथून दोघांनी काढता येईल का, नसंन येत तर तिथून घालतच नाही.

हे शहाणपण मला एका मे महिन्यात मिळालं. सकाळी सहाला आम्ही पाच जण होतो, हसत खेळत होडी पाण्यात. अकराला परत आलो तर मी अन् एक भाचा. ओढून राहिलो, ओढून राहिलो, होडी हातभर सरकते अन् परत बसते. गाडीचं एक चाक निखळलं. शेजारच्या डांगरवाडीवाल्यानं बैलजोडी आणली तर बैलांनी चिखलाच्या कडेला येऊन वास घेतला अन् उभेच राहिले, पुढचं पाऊल टाकायले तयार नाहीत, माझ्यापेक्षा हुशार होते. शेवटी डोंग्यातून एक म्हातारा आला. त्यानं होडीत वाकून पाह्यलं, मग माझ्याकडं पाह्यलं, अन् म्हणाला, "पयले पानी काहाडा ना जी, मंग वढा." होडीत पाणी होतं, बोटभर-दोन बोटं, मी म्हटलं एवढ्यानं काय होते. नंतर घरी येऊन हिशोब केला. तळ साधारण २ चौरस मीटर, पाणी ५ सेंटिमीटर, म्हणजे १०० लिटर. म्हणजे १०० किलो. ७० किलोची होडी आम्ही पावणेदोनशे किलोची करून ओढत होतो. म्हाताऱ्यानं तेलाच्या डब्यानं पाणी उपसलं, मास्ट, बूम, रडर, शीड सगळं आधी काठावर न्यायला लावलं, दोन ओले बांबू खाली लांब घातले अन् आम्ही तिघांनी दहा मिनिटात होडी वर घेतली. चहाला पण थांबला नाही.

तर परत येताना पाणी उपसायचं, सामान उतरवायचं, मग हात लावायचा. तरी जड जात असंन तर तुमच्या होडीवरच एक यंत्र आहे, मेनशीटच्या, म्हणजे शीड ओढायच्या दोराच्या कप्प्या. शीड सोडायचं झालं की तो दोर अन् त्या कप्प्या मोकळ्याच आहेत. एक टोक काठावरच्या बाभळीच्या बुंध्याला, दुसरं त्या लांब दोराला, तीनपदरी ओढ लावली तर घर्षण धरून सुद्धा दुपटीच्या वर ताकद मिळते. बाभूळ नसंन तर कडक जमीन पाहून गुडघाभर खड्डा करा, त्यात ट्रॅक्टरचा जुना टायर आडवा पुरा, दोर त्याला. होडीला दोर कुठं बांधायचा हे पण पहा, मास्टला किंवा एखाद्या हुकाला नाही, ज्या जागी आतून लाकडाचा जाड तुकडा आहे तिथंच.

अन् माणूसच फसला तर? पाय उपटायचा नाही, तो ओढा तेवढा आत जाते. होडीच्या काठावर छाती टाकून आडवं व्हायचं, वजन होडीवर, मग पाय हळूहळू हलवत सोडवायचा. बूट, चप्पल चिखलाला देऊन टाका.

धरणाच्या भिंतीवरून, पिचिंगवरून उतरवायचं मनात पण आणू नका. तिथं मनाई राहते ते एक, अन् दगड शेवाळलेले, वारा भिंतीकडं असला की होडी दर लाटेला दगडावर आपटते. गेट, सांडवा, कालव्याचं तोंड यापासून तर लांबच. घालायच्या आधी पाटबंधारेच्या उपविभागात एक साधा अर्ज देऊन पोच घ्या, होडी किती फुटी, इंजिन नाही, जॅकेट किती.

प्रश्न : आमच्या गावात मामा तलाव आहे. पाण्यात उतरायची बाजू सगळी शिंगाड्यानं अन् गवतानं भरली, म्हणून मी होडी पाळीवरून (तलावाच्या बांधावरून) खाली सोडायचं ठरवलं, दगडात चार पायऱ्या खोदायच्या होत्या. तर मच्छीमार संस्थेच्या लोकांनी अडवलं. तलाव सरकारी आहे ना, मग ते कोण अडवणारे? (साकोली)

उत्तर : त्यांनी अडवलं ते बरं केलं. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारी गेली १९५०-५१ मध्ये, पण पाळी त्याच्या किती तरी आधीच्या, कोहळी लोकांनी मातीच्या बांधलेल्या. ती पाळ नुसत्या दाबलेल्या मातीवर उभी आहे, वरचे दगड लाटेपासून मातीला वाचवायले लावले. तुम्ही चार पायऱ्या खोदल्या की पावसाळ्यात तिथून पाणी झिरपायले सुरुवात होते, अन् पाळीच्या खाली कोणाचे धान आहेत ते तुम्हाला माहीत आहे. खोदणं नाही, खुंटी ठोकणं नाही, पाळीवर ट्रॅक्टर नेणं पण नाही.

खोदल्याशिवाय उतरवता येते. दोन लांब बांबू, पाळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंत रुळासारखे, मधलं अंतर होडीच्या तळाएवढं, वर गोणपाट गुंडाळून पाणी मारलेलं. होडीची मागची बाजू आधी खाली. पुढच्या टोकाला दोर, तो वर दोघांनी धरून सोडत जायचा, अन् खाली होडीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, बाजूनं राहायचं. हलकी होडी असंन तरच, ४०-५० किलोच्या वर गेली की मी हा प्रकार करत नाही.

अन् संस्थेचं म्हणाल तर तलाव सरकारी असला, बहुतेक मामा तलाव जिल्हा परिषदेकडं आहेत, तरी मासेमारीचा ठेका त्यांचा आहे, बीज त्यांनी सोडलं, जाळी त्यांची आहे. तुमचा डॅगरबोर्ड जाळ्यात गेला तर त्यांची एका रात्रीची कमाई फाटते अन् तुम्ही मधोमध अडकून बसता. जाऊन बसा, चहा प्या, जाळी कधी लागतात, कधी निघतात ते विचारा. मी तर म्हणतो शिंगाड्यातून वाट पण तेच दाखवतील, त्यांचे डोंगे जातात ना कुठून तरी.

नवेगावबांधवाल्या दोघांनी पण विचारलं आहे. तो तलाव राष्ट्रीय उद्यानात येते, तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय होडीचं नावच घ्यायचं नाही. पेंचच्या तोतलाडोहचं पण तेच.

प्रश्न : सर, आम्ही दोघी मैत्रिणी शाळेत शिक्षिका आहोत, पुसदजवळ. जुनी फायबरची छोटी शिडाची होडी घेतली. घालायची जागा चांगली आहे, मुरमाचा काठ. पण शीड लावून निघालो की दर वेळी होडी दहा-पंधरा फूट जाते अन् फिरून काठालाच येऊन लागते, रडर घासते, एकदा वाकला पण. आमचं काय चुकून राहिलं?

उत्तर : तुमचं चुकत नाही, तुमचा काठ चुकून राहिला. तुम्ही ज्या काठावरून निघता तिकडंच वारा येऊन राहिला असं मला दिसते, म्हणजे पाण्यावरून तुमच्या तोंडावर. शिडाची होडी सरळ वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंश बाजूला राहूनच नागमोडी जाते, अन् ते जमायले डॅगरबोर्ड पूर्ण खाली पाहिजे. काठाजवळ पाणी उथळ, बोर्ड खाली जात नाही, बोर्ड नाही म्हणून होडी आडवी सरकते, सरकते म्हणून परत काठाला. हा गोल फिरतच राहते.

सगळ्यात सोपा काठ तो, जिथं वारा काठाच्या बाजूबाजूनं वाहते. तिथून जाणं पण सोपं अन् येणं पण. पाठीमागून, जमिनीकडून वारा असला की पाणी काठाजवळ शांत दिसते अन् निघणं एकदम लोण्यासारखं, पण येताना नागमोडीच यावं लागते अन् मध्ये वारा वाढला तर तुम्ही पलीकडच्या काठाला, तिथं ओळखीचं कोणी नाही अन् गाडी अलीकडं. नवीन माणसाला हीच जागा आवडते, म्हणून सांगून राहिलो.

आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी वारा जवळजवळ नसतेच, मार्चपासून दुपारी पश्चिमेकडून गरम वारा सुटते, पावसाळ्यात पण पश्चिमेकडूनच. म्हणजे तलावाचा पश्चिमेचा काठ अन् पूर्वेचा काठ दुपारी दोन वेगळ्या जागा आहेत. उत्तर किंवा दक्षिणेकडचा काठ मिळतो का पहा.

आहे तोच काठ वापरायचा असंन तर शीड खाली ठेवूनच वल्ह्यानं ५०-६० मीटर आत जा. तिथं नांगर टाका, लोखंडी नसंन तर नायलॉनची जाळीदार पिशवी दगडांनी भरून, दोर पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट. नांगर पुढच्या टोकाला बांधला की होडी आपोआप वाऱ्याकडं तोंड करते, मग निवांत शीड चढवा, बोर्ड खाली, रडर खाली, नांगर उचला अन् निघा. येताना उलटं, आतच शीड उतरवा अन् वल्हं मारत या. हे पाहायले शानदार नाही दिसत, शीड फुगवून काठाला येणं शानदार दिसते, पण वाकलेला रडर सरळ करायचे पैसे तुम्हाला माहीतच झाले आता.

एप्रिल-मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग काळे होऊन आले, वारा एकदम थांबला अन् ढोरं घराकडं निघाली की तुम्ही पण निघा. त्या वावटळीत अन् विजेत उंच ॲल्युमिनियमचा मास्ट घेऊन पाण्याच्या मधोमध बसायचं नाही.

प्रश्न : होडी गाडीवर नेताना मास्ट उभाच ठेवला तर वेळ वाचतो, हरकत आहे का?

उत्तर : आहे. तलावाकडं जाणाऱ्या पांदणींवर शेतीपंपाच्या लाईनी किती खाली लोंबतात ते वर मान करून पहा. ११ हजार व्होल्टच्या तारेला मास्ट टेकायची पण गरज नाही, जवळ गेला तरी पुरते, अन् अशा वेळी गाडी धरून चालणारा माणूस ओल्या मातीत उभा राहते. मास्ट आडवा न्यायचा, जिथं डोक्यावर तार नाही तिथंच उभा करायचा. अन् होडी पाण्यात गेल्यावर पण, तलाव ओलांडून जाणारी लाईन असंन तर तिच्या खालून शिडानं जायचंच नाही. पाणी चढलं की तार अन् मास्ट यातलं अंतर कमी होते, उन्हाळ्यात गेलो होतो म्हणून सप्टेंबरात जाता येईल असं नाही.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे, युट्यूब पाहून तिला शिडाची होडी शिकायची आहे. आमच्या धरणावर मी स्वतः शिकवू का? मला येत नाही. (वाशीम जिल्हा)

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी दोन मिनिटं हासलो, माफ करा. नका शिकवू. आपल्याला जवळ म्हणजे भोपाळ, तिथल्या बड्या तलावावर नॅशनल सेलिंग स्कूल आहे. मुलांची होडी वेगळी येते, ऑप्टिमिस्ट म्हणतात, जेमतेम २.३ मीटर लांब, ३५ किलोची, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धा याच होडीत होतात, अन् एक मोठा माणूस अन् ते पोरगं मिळून ती उचलून पाण्यात ठेवतात, ना गाडी ना तुऱ्हाट्या. मुलगी पुढं कॉलेजात गेल्यावर एनसीसीची नेव्हल विंग मिळाली तर उत्तमच. तोपर्यंत तिला पोहायला घाला, विहिरीत नाही, टँकमध्ये, अन् कपड्यांसकट अन् जॅकेटसकट पण एक-दोनदा उतरू द्या म्हणजे पाण्यात पडल्यावर कसं वाटते ते तिला आधीच माहीत होईल.

मोर्शीच्या भाऊंना परत एक. होडी कोठ्यात उलटी ठेवली ते चांगलं केलं, पण जमिनीला टेकवून ठेवू नका, खाली दोन लाकडं द्या. प्लायवूडच्या कडेला वाळवी लागली तर ती रॅम्प असो नसो वाट पाहत नाही.